एकाच छोट्या विषयावर वर्षानुवर्षं लिहायचं असेल तर ब्लॉगर कसं आहे? वीरगळांवर लिहिणारीचा रिव्ह्यू

सरळ सांगते, ज्यांना एकाच बारक्या विषयावर, मराठीत, पैशाची घाई न करता, भरपूर वर्षं लिहायचंय त्यांच्यासाठी गुगलचं ब्लॉगर, म्हणजे ब्लॉग लिहायची फुकट सेवा, अजूनही घेण्यासारखं आहे. दिसायला जुनं आहे, थीम साध्या आहेत, नवीन फीचर फारसं येत नाही, हे सगळं मान्य. पण मी वीरगळ आणि सतीशिळा (वीरांच्या आणि सती गेलेल्या बायकांच्या आठवणीचे दगड), गधेगाळ (गाढव आणि बाईचं शापचित्र कोरलेले दानाचे दगड) आणि बारवांवर (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी) लिहिते, आणि या विषयात आज टाकलेली पोस्ट ज्याला खरंच हवीये तो माणूस चार-पाच वर्षांनी येतो. तोपर्यंत ती पोस्ट त्याच पत्त्यावर उभी असली पाहिजे, एवढंच मला लिहायच्या जागेकडून हवंय. त्या एका हिशोबाने हा सगळा रिव्ह्यू वाचा, रेसिपी किंवा मोबाइल रिव्ह्यूवाल्यांचं गणित वेगळं असतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्लॉगर १९९९ मध्ये पायरा लॅब्स नावाच्या छोट्या कंपनीने सुरू केलं, २००३ मध्ये गुगलने ती कंपनीच घेतली. त्यानंतर लोकांच्या लिहायच्या, फोटो टाकायच्या अशा किती जागा गेल्या बघा, जिओसिटीज २००९ मध्ये बंद, पोस्टरस २०१३ मध्ये, ऑर्कुट २०१४ मध्ये, पॅनोरामिओ २०१६ मध्ये. पॅनोरामिओवर लोकांनी आडगावातल्या देवळांचे, विहिरींचे इतके फोटो नकाशावर टाकलेले होते की मला कुठे जायचं हे ठरवायला त्याचा फार उपयोग व्हायचा. ब्लॉगर मात्र चालू आहे, आणि मुख्य म्हणजे जुन्या पोस्टचे पत्ते तसेच चालू आहेत. आमच्या विषयात ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, कारण गावातला दगड हलतो, देऊळ पाडून नवीन बांधतात, आणि मग आधी तिथे काय होतं याचा पुरावा कधीकधी कुणीतरी काढून ठेवलेला फोटो आणि त्याखालचा मजकूर एवढाच उरतो.

ज्यांना वीरगळ माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीत उभा केलेला दगड. साधारण तीन-चार चौकटी असतात आणि वाचायचा खालून वर. खालच्या चौकटीत लढाई किंवा वीर पडलेला, बऱ्याचदा मागे गायींची रांग असते म्हणजे गोधन वाचवताना मेला, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि शेंड्याला कलश, बाजूला चंद्र-सूर्य. वाईजवळ किकलीला भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात असे कितीतरी आहेत. बोरिवलीत एकसरला जे आहेत त्यांच्यावर चक्क जहाजांची लढाई कोरलीये, शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या लढाईशी ते जोडले जातात. बोरिवलीत जन्म गेलेल्या लोकांनाही हे माहीत नसतं आणि माहीत झालं की लगेच बघायला जातात, मला ते फार आवडतं.

आता ब्लॉगरचं. पहिली आणि मराठीवाल्यांसाठी सगळ्यात कळीची गोष्ट म्हणजे पोस्टचा पत्ता, ज्याला तिथे पर्मालिंक म्हणतात. तुम्ही मराठीत शीर्षक दिलं की ब्लॉगर त्यातली देवनागरी अक्षरं पत्त्यात घेतच नाही, आणि मग पत्ता होतो वर्ष, महिना आणि पुढे नुसतं ब्लॉग-पोस्ट डॉट एचटीएमएल, त्याच महिन्यात दुसरी पोस्ट टाकली की ब्लॉग-पोस्टच्या पुढे अंडरस्कोर आणि कुठलातरी आकडा. मराठीतले शेकडो ब्लॉग तुम्ही उघडून बघा, सगळ्यांचे पत्ते असेच. वाचणाऱ्याला त्यावरून काही कळत नाही आणि सर्चलाही त्याचा उपयोग शून्य. उपाय अगदी सोपा आहे, लिहितानाच उजवीकडच्या पोस्ट सेटिंगमध्ये पर्मालिंकवर जाऊन कस्टम निवडायचं आणि रोमन लिपीत छोटासा पत्ता द्यायचा, गावाचं नाव आणि वस्तू, बास, उदाहरणार्थ kikli-veergal. पण हे पब्लिश करायच्या आधी करायचं. एकदा पोस्ट बाहेर गेली की पत्ता बदलायला ती परत ड्राफ्टमध्ये न्यावी लागते आणि तोपर्यंत कुणी जुना पत्ता शेअर केला असेल तर तो तुटतो. तुटलेला पत्ता नवीनकडे वळवायची सोय सेटिंगमध्ये आहे, एरर्स अँड रीडायरेक्ट्स नावाने, पण मुळातच नीट दिलेला बरा.

इथे वर्डप्रेसवाले (ब्लॉग आणि साइट बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणारे) म्हणतील की आमच्याकडे देवनागरी पत्ता चालतो. चालतो, पण तो कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाका आणि बघा काय होतं. एकेका देवनागरी चिन्हाचे तीन बाइट, प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे नुसत्या 'वीरगळ' या शब्दाची पंचेचाळीस अक्षरांची माळ होते. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी व्हायरस आहे आणि तो क्लिक करत नाही. शिवाय वर्डप्रेसमध्ये त्या पत्त्याला दोनशे अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे मराठी शीर्षक बावीसेक चिन्हांनंतर मधेच तुटतं. त्यामुळे तिथेही शेवटी रोमन पत्ताच हाताने द्यावा लागतो. दोघांनीही आपल्या लिपीचा नीट विचार केलेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

रोमन पत्त्याचा अजून एक फायदा म्हणजे लोक सर्च कसं करतात ते. गुगलचं सर्च कन्सोल ब्लॉगरला फुकट जोडता येतं आणि लोक नेमकं काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. ब्लॉगरच्या स्वतःच्या आकड्यांपेक्षा हेच बघा, तिथल्या आकड्यात बॉट भरपूर असतात आणि एखाद्या दिवशी अचानक दुसऱ्याच कुठल्यातरी देशातून ढीगभर वाचक आलेले दिसतात, त्यात काही अर्थ नसतो. सर्च कन्सोलमध्ये मला जे दिसतं त्यावरून मी लिहायची पद्धत बदलली. लोक वीरगळ शोधत नाहीत, कारण आपल्या दारातल्या दगडाला वीरगळ म्हणतात हेच त्यांना माहीत नसतं. ते शोधतात 'मंदिराबाहेर घोडेस्वार कोरलेला दगड', 'गाढव आणि बाई दगड शिलालेख', 'दगडावर हात बांगड्या चंद्र सूर्य'. हा शेवटचा म्हणजे सतीशिळा, कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असतो तिच्यावर. तेव्हापासून पोस्टच्या पहिल्या दोन ओळींत मी दगड जसा डोळ्याला दिसतो तसाच लिहिते, अभ्यासकांची नावं आणि राजवटी नंतर. ज्यांना बारक्या विषयावर लिहायचंय, मग ते जुनी रेडिओ दुरुस्ती असो की देशी भाताच्या जाती, त्यांना मी हेच सांगेन, ज्याला त्या वस्तूचं नाव माहीत नाही त्याच्या शब्दांत सुरुवात करा.

आणि एक, मोठ्या विषयावरची पोस्ट आणि एका गावावरची पोस्ट या दोन्हींचं आयुष्य फार वेगळं असतं. 'वीरगळ म्हणजे काय' याला वाचक सगळ्यात जास्त, दर महिन्याला सारखे येत राहतात, पण वाचून निघून जातात. एका गावातल्या एका दगडावर लिहिलेलं फार थोडे वाचतात, पण जे वाचतात ते लिहितात. चैत्र-वैशाखात यात्रांचे दिवस आले की ज्या गावाची यात्रा त्या गावाची जुनी पोस्ट वर येते, मुंबई-पुण्यात राहणारी पोरं गावच्या ग्रुपवर टाकतात, आणि मग खाली कमेंट येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा शिलालेखांवरच्या पोस्टकडे एकदम लोक आले, विशेषतः अलिबागजवळच्या अक्षीच्या जुन्या मराठी शिलालेखावरच्या. त्या लेखाचं साल साधारणपणे १०१२ दिलं जातं, वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि मी त्या पोस्टमध्ये दोन्ही बाजू आधीपासून लिहून ठेवल्यात. जुनी पोस्ट तयार असल्याचा फायदा तो हा, बातमी आल्यावर घाईत लिहायला बसावं लागत नाही.

कमेंटबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते ब्लॉगरवर राहण्याचं अर्धं कारण तेच आहे. एका सतीशिळेवरच्या पोस्टखाली एका बाईंची कमेंट आली, सासर त्या गावचं, आता दुबईत असतात. त्यांनी लिहिलं की त्यांच्या सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदा घरात येणाऱ्या सुनेला त्या दगडाशी नेऊन हळदकुंकू वाहायला लावतात, दगडाला त्या 'आई' म्हणतात, आणि नवीन रस्ता झाला तेव्हा तो दगड रस्त्यापलीकडे पिंपळाखाली हलवला. या तीन गोष्टी स्वतः गावात दिवसभर फिरूनही मला कळल्या नव्हत्या, कारण ज्या माणसांशी मी बोलले ती सगळी पुरुष मंडळी होती आणि त्यांना हळदकुंकवाचं काही माहीत नव्हतं. मी ती कमेंट त्यांना विचारून पोस्टच्या वरच घेतली. पुढे त्याच गावचे एक निवृत्त शिक्षक त्याखाली लिहायला आले, मग त्यांचा भाचा. वर्षानुवर्षं ते धाग्यासारखं वाढतंय. हेच फेसबुकवर झालं असतं तर दोन दिवसांत खाली सरकून गेलं असतं आणि नंतर स्वतःलाही सापडलं नसतं.

सेटिंगचं म्हणाल तर कमेंट मॉडरेशनमध्ये तीन पर्याय आहेत, त्यातला मधला घ्या, म्हणजे ठराविक दिवसांपेक्षा जुन्या पोस्टवरच्या कमेंट तुम्ही पास केल्याशिवाय दिसत नाहीत. स्पॅम येतो तो जास्त करून जुन्याच पोस्टवर. आणि कमेंट कुणी करावी यात गुगल खात्याची सक्ती ठेवू नका. गावाकडचा माणूस मोबाइलवर लॉगिनच्या भानगडीत पडत नाही, नाव न देता लिहायची सोय असली तर दोन ओळी लिहून जातो. थोडा कचरा येईल, तो रोज चहा पिताना साफ होतो.

मात्र गुगलने जोडलेल्या प्रत्येक नव्या सोयीवर उडी मारायची नाही, हे ज्यांना ब्लॉगर वापरायचंय त्यांनी लक्षात ठेवा. २०१३ मध्ये त्यांनी गुगल प्लसच्या (फेसबुकसारखी त्यांचीच सेवा) कमेंट ब्लॉगरला जोडायची सोय दिली होती. दिसायला छान होती, पुष्कळांनी चालू केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती सोय काढली आणि एप्रिलमध्ये गुगल प्लसच बंद झालं, त्या पद्धतीने आलेल्या कमेंट ब्लॉगांवरून गेल्या. ज्यांनी ब्लॉगरची साधी कमेंट ठेवली त्यांच्या आजही आहेत. तसंच ईमेलने सबस्क्राइब करायचं ते फीडबर्नरवालं बटण, ते जुलै २०२१ मध्ये गेलं. ब्लॉगच्या नव्या पोस्ट एका जागी वाचायचं गुगल रीडर तर त्याआधीच, १ जुलै २०१३ ला. मुख्य घर टिकलं पण बाजूच्या खोल्या एकेक करून पाडल्या, असा एकूण प्रकार आहे. त्यामुळे माझा नियम, पोस्ट, फोटो, लेबल (पोस्टची वर्गवारी) आणि साधी कमेंट एवढ्यावरच भिस्त ठेवायची. नवीन पोस्ट कळवायला मी वाचकांची ईमेल यादी त्यांच्या परवानगीने वेगळी ठेवलीये आणि व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवते, तेवढं पुरतं.

डोमेनचा मुद्दा याहून गंभीर आहे. २०१२ पासून गुगलने ब्लॉगस्पॉटचे, म्हणजे ब्लॉगरवर फुकट मिळणारे पत्ते देशानुसार बदलायला सुरुवात केली, म्हणजे भारतातून उघडलं की डॉट कॉमऐवजी डॉट इन दिसायचं. लोक ब्राउजरमधला पत्ता कॉपी करतात, त्यामुळे त्या काळात आपल्याकडे पुस्तकांच्या संदर्भसूचीत, शोधनिबंधात, विकिपीडियावर, फोरमवर डॉट इनचेच पत्ते गेले. नंतर ती पद्धत बंद केली, आणि २०२० मध्ये ते ब्लॉगस्पॉट डॉट इन नावाचं डोमेनच मुदत संपून दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेलं. झालं, लाखो जुने पत्ते कुठेच जाईनात. मूळ पोस्ट डॉट कॉमवर जागच्या जागी आहे पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार. तुमच्याकडे कुणाच्या ब्लॉगची अशी डॉट इनची तुटलेली लिंक असेल तर शेवटचं इन काढून कॉम टाका, बहुतेक वेळा उघडते.

म्हणून माझं ठाम मत, पहिल्या वर्षी नाही पण दुसऱ्या वर्षापर्यंत लिहीत राहिलात तर स्वतःचं डोमेन घ्या. ब्लॉगर त्याला जोडायचे पैसे घेत नाही, एचटीटीपीएस म्हणजे सुरक्षित जोडणीपण फुकट देतं, तुम्हाला फक्त डोमेनची वार्षिक फी भरावी लागते. ब्लॉगस्पॉटचा जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळतो. आणि उद्या ब्लॉगर सोडायची वेळ आलीच तर पत्ता तुमचाच राहतो, मागचं यंत्र बदलता येतं. डोमेनची फी एकदम जास्त वर्षांची भरून टाका, आणि ज्या ईमेलवर नूतनीकरणाची आठवण येते ते ईमेल तुम्ही रोज बघत असाल असंच द्या.

मग थेट वर्डप्रेस का नाही, हा प्रश्न मला नेहमी येतो. वर्डप्रेस चांगलंच आहे, २००३ पासून आहे, मुक्त सॉफ्टवेअर आहे, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. शोधायची सोय, नकाशे, तालुक्याप्रमाणे वर्गवारी, हे सगळं तिथे जास्त देखणं होतं. पण स्वतःच्या होस्टिंगवर ठेवायचं म्हणजे दरवर्षी पैसे, अपडेट, प्लगइन, सुरक्षा हे सगळं आपल्या डोक्यावर. बारक्या विषयावर लिहिणारा माणूस मधे वर्ष-दोन वर्षं गप्प बसतो, घरात आजारपण येतं, नोकरी बदलते, मूल होतं, आणि तेव्हा होस्टिंगचं बिल चुकलं की साइट गायब. माझ्या ओळखीतल्या एका अभ्यासकांचं घाटवाटांवरचं फार मोठं काम असंच गेलं, होस्टिंग कंपनीने धंदा गुंडाळला, त्यांचा फोन लागेना, आणि जे वेबॅक मशीनवर (जुन्या वेबपानांच्या प्रती जपणारी साइट) सापडलं तेवढंच उरलं, ते पण बहुतेक ठिकाणी फोटोशिवाय. ब्लॉगरवर तुम्ही दोन वर्षं गप्प बसलात तरी पोस्ट उभी असते, फक्त गुगल खात्यात अधूनमधून लॉगिन करा, कारण दोन वर्षं न वापरलेली खाती काढली जाऊ शकतात असं गुगलने २०२३ मध्ये जाहीर केलंय. आमच्यासारख्यांना नियमित लिहिणं जमतंच असं नाही, आणि जमलं नाही तरी आधीचं शाबूत राहिलं पाहिजे.

इन्स्टा, फेसबुक, यूट्यूब यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाहीये, ती हाक मारायची ठिकाणं आहेत, तिथे जरूर जा. पण नोंद ठेवायची जागा वेगळी हवी.

फोटो. आमच्या विषयात फोटो म्हणजे अर्धा मजकूर, आणि इथे ब्लॉगरची एक बारीक गोष्ट फार उपयोगाची आहे. तुम्ही फोटो टाकला की तो पोस्टमध्ये छोटा करून दाखवतं, पण मूळ फोटो आत असतो. फोटोच्या पत्त्यात मधे एस आणि पुढे आकडा असतो, ३२० किंवा १६००, तिथे शून्य केलं की चढवला होता तसा पूर्ण मोठा फोटो उघडतो. शिलालेखाच्या ओळी वाचायच्या असतात तेव्हा हे सोन्यासारखं आहे, एका अभ्यासकांनी माझ्या जुन्या फोटोवरून अशाच पद्धतीने गधेगाळीवरची झिजलेली ओळ लावली आणि मला कळवलं. म्हणून फोटो चढवण्याआधी व्हॉट्सअॅपवरून फिरवून लहान झालेला कधीच चढवू नका, कॅमेऱ्यातला मूळ चढवा. शिलालेखावर खडू किंवा पीठ चोळून फोटो काढायचा नाही, दगड खराब होतो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की अक्षरं आपोआप उठून दिसतात, नाहीतर एका बाजूने टॉर्च धरा. दगडाच्या चारही बाजू काढा, शेजारी पट्टी ठेवा, आणि आजूबाजूचं देऊळ-झाड दिसेल असा एक लांबून काढा. दगड हलवल्यावर तो लांबून काढलेला फोटोच कामाला येतो.

पोस्टला नकाशावरची जागा जोडायची सोय ब्लॉगरमध्ये आहे. मी ती वापरते, पण सगळीकडे नाही. देवळाच्या आवारात पक्का बसवलेला वीरगळ असेल तर जागा देते. रानात मोकळा पडलेला असेल तर फक्त तालुका आणि गाव. गुप्तधनाच्या नादात वीरगळाखाली खणणारे लोक अजून आहेत, आणि दगड उचलून फार्महाउसवर सजावटीला नेणारेही आहेत. वाचक विचारतात लोकेशन टाका ना, मी ईमेलवर बोलते आणि माणूस बघून सांगते. यावरून काहीजण रागावतात, रागावू देत.

टायपिंग आणि फॉन्ट यात आता अडचण राहिलेली नाही. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आहेच, फोनेटिकही आहे, मोबाइलवर जीबोर्ड. पूर्वी डीटीपीच्या फॉन्टमध्ये केलेलं काम असेल, श्रीलिपी वगैरे, तर ते आधी युनिकोडमध्ये आणून मग चढवा, नाहीतर सर्चमध्ये ते सापडणारच नाही. ब्लॉगरच्या तयार थीममधला देवनागरी मजकूर फार बारीक आणि दाटीवाटीने दिसतो, मी थीमच्या एचटीएमएलमध्ये जाऊन मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त हा फॉन्ट लावला, गुगल फॉन्ट्सवर मोफत आहे, आकार वाढवला आणि दोन ओळींतलं अंतर वाढवलं. माझे पुष्कळ वाचक साठीच्या पुढचे आहेत, त्यांनी लगेच कळवलं की आता चष्मा न बदलता वाचता येतं. जोडाक्षरं आणि 'ऱ्ह', 'ऱ्य' नीट दिसतात, कोरीव लेखाचं वाचन द्यायचं असेल तर हे बघावंच लागतं.

लेबलांबद्दल एकच. पहिल्या दिवशी ठरवा आणि तेच पाळा. माझी लेबलं जिल्हा, तालुका, वस्तूचा प्रकार आणि राजवट एवढीच. एकदा 'वीरगळ' आणि एकदा 'विरगळ' असं लिहिलं की दोन वेगळी लेबलं होतात आणि वाचकाला अर्ध्याच पोस्ट दिसतात. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न सर्चमध्येही येतो, म्हणून मजकुरात कुठेतरी दोन्ही लिहून ठेवते.

जाहिराती. अॅडसेन्स लावता येतं, मी लावत नाही. सतीशिळेच्या फोटोखाली कर्जाची जाहिरात मला बघवत नाही. अशा विषयात त्यातून मिळणारे पैसे पेट्रोललाही पुरत नाहीत, तेव्हा पैसे हे कारण असेल तर हा मार्ग नाही. या लिखाणातून मला व्याख्यानं मिळाली, दोन-तीन शाळांनी मुलांना घेऊन चला म्हणून बोलावलं, एका गावाने जीर्णोद्धाराच्या वेळी वीरगळ सिमेंटमध्ये गाडायच्या ऐवजी ओट्यावर उभे करून ठेवले आणि कुठली पोस्ट वाचून ते ठरवलं हे सरपंचांनी मला फोन करून सांगितलं. मला एवढं पुरे आहे, खरंच पुरे आहे.

बॅकअप हा भाग कंटाळवाणा आहे पण सोडू नका. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये बॅकअपची सोय आहे, त्यातून सगळ्या पोस्ट, पानं आणि कमेंट एका फाइलमध्ये उतरतात. पण त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त फोटोंचे पत्ते असतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. फोटोंसाठी गुगल टेकआउटमधून (आपला डेटा उतरवून घ्यायची गुगलची सोय) ब्लॉगर निवडून वेगळं उतरवायला लागतं, आणि कॅमेऱ्यातले मूळ फोटो गावाच्या नावाच्या फोल्डरमध्ये हार्डडिस्कवर ठेवलेले असतील तर सगळ्यात उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत मी हे करते. महत्त्वाची पोस्ट टाकली की वेबॅक मशीनवर सेव्ह पेज नाऊ करून तिची प्रत जतन करते, एका मिनिटाचं काम आहे.

जुनी पोस्ट नव्याने लिहिणं हे मात्र ब्लॉगरवर फार सुखाचं आहे. बारक्या विषयात काही वर्षांनी नवीन जागा कमी होत जातात आणि जुन्या जागांबद्दल नवीन माहिती येत राहते. मी अशी भर आली की वेगळी पोस्ट टाकत नाही, त्याच पोस्टच्या वर तारीख टाकून 'ताजी भर' म्हणून लिहिते, पत्ता तोच राहतो, खालचा जुना मजकूर तसाच ठेवते. वाचणाऱ्याला दिसतं की हा दगड आधी कुठे होता, मग कुठे नेला, मग कधी ऑइलपेंट मारला. नवीन पोस्टची संख्या बघाल तर माझी वर्षागणिक कमी झालीये, पण काम वाढलंय.

शेवटचा मुद्दा, याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. आपल्यानंतर काय. ब्लॉगरमध्ये एका ब्लॉगला अनेक लेखक आणि अॅडमिन ठेवता येतात. विश्वासाच्या एका तरुण माणसाला आजच अॅडमिन करा. गुगल खात्यात इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे, त्यात किती महिने खातं वापरलं नाही तर कुणाला कळवायचं आणि त्याला काय उतरवून घेता येईल हे आधीच ठरवता येतं. मी माझ्या भाचीला अॅडमिन केलंय, ती पुरातत्त्व शिकतेय आणि माझ्यापेक्षा चांगले फोटो काढते. डोमेनचं खातं कुठे आहे, पासवर्ड कुठे लिहिलाय, मूळ फोटोंची हार्डडिस्क कुठल्या कपाटात आहे, हे सगळं तिला कागदावर लिहून दिलंय.

कुणी घेऊ नये तेही सांगते. ज्यांना दुकान लावायचंय, सभासदांकडून पैसे घ्यायचेत, कोर्स विकायचेत, दर आठवड्याला वेगळं रूप हवंय, त्यांनी ब्लॉगरच्या नादी लागू नये, वर्डप्रेस घ्यावं आणि सांभाळायला माणूस ठेवावा. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं एकच काहीतरी आहे आणि ते खूप वर्षं सांगायचंय त्यांच्यासाठी पाचपैकी चार. एक गुण कापला तो देवनागरी पत्त्यांसाठी. १९९९ पासून चालू असलेल्या सेवेला इतक्या वर्षांत मराठी शीर्षकावरून वाचता येईल असा पत्ता बनवता येऊ नये हे मला अजिबात पटत नाही, आणि मी त्यांच्या फीडबॅकच्या बटणावर हे दरवर्षी लिहिते, तुम्हीही लिहा.